उंदीर कुरतडतो दोनशेचा पाइप, बिल येतं पंपाचं!



पावसाळा संपत आला की डिझेल गॅरेजमध्ये एक ठरलेली तक्रार यायला लागते. "गाडी एकदम चांगली होती. आठ-दहा दिवस उभी होती. आता सेल्फ घेते, पण चालू होत नाही." किंवा "चालू होते आणि अर्ध्या मिनिटात बंद पडते." बॉनेट उघडलं की आत भाताचा पेंढा, चिंध्या, शेंगांची टरफलं आणि लेंड्या! म्हणजे उंदीरमामांनी मुक्काम केलेला असतो.

इथून पुढे काय होतं ते बघा. बऱ्याच ठिकाणी पाच मिनिटं इकडेतिकडे बघून निकाल लागतो, "पंप गेला असेल. नोझल काढून लॅबला पाठवू." गाडी चार दिवस उभी, बिल हजारांमध्ये. आणि पंप परत बसवल्यावर गाडी चालू झालीच, तर ती कशामुळे झाली हे कुणालाच नक्की माहीत नसतं. कदाचित पंप बसवताना फाटलेला रबरी पाइपही बदलला गेला, म्हणून झाली असेल!

माझं मत सुरुवातीलाच सांगतो, मग पटतंय का ते तुम्ही ठरवा. डिझेल गॅरेज टाकणार असाल तर तपासणीचे पैसे वेगळे, उघड आणि आधी सांगून घ्या. "काम दिलं तर चेकिंग फ्री" ही पाटी लावू नका. ती पाटी ग्राहकाला फायद्याची वाटते, पण शेवटी त्याचंही नुकसान करते आणि तुमचंही. उंदराचं उदाहरण मी मुद्दाम घेतलंय, कारण खरा दोष अगदी स्वस्त आणि अंदाजाने केलेलं काम अगदी महाग, असा फरक इतका स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतो.

हा लेख दोघांसाठी आहे. एक, ज्यांना गॅरेज टाकायचंय. दुसरे, ज्यांचा छोटा हत्ती, पिकअप, ट्रॅक्टर किंवा मंडपाचा जनरेटर हेच धंद्याचं साधन आहे. दुसऱ्या गटानेही तांत्रिक भाग वाचा. गाडी तुम्हाला दुरुस्त करायची नाही, पण मिस्त्रीला चार प्रश्न विचारता आले पाहिजेत.

उंदीर काय खातो, काय खाऊ शकत नाही

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. त्यामुळे पोट भरलेलं असो वा नसो, तो काहीतरी कुरतडत राहतो. बंद केलेलं इंजिन काही तास उबदार असतं, आत अंधार असतो, मांजराचा त्रास नसतो. कापणी झाली, शेतातलं खाणं संपलं की हे पाहुणे शेडकडे, घराकडे आणि गाडीकडे वळतात. शहरात घुशी आहेतच.

आता टाकीपासून इंजिनपर्यंत डिझेलचा रस्ता डोळ्यासमोर आणा. टाकी, मग रबरी किंवा प्लॅस्टिकचा पाइप, पाणी वेगळं करणारा फिल्टर, फीड पंप, हाय प्रेशर पंप, रेल आणि नोझल. वापरून उरलेलं डिझेल रिटर्न पाइपने परत टाकीत जातं. यातला हाय प्रेशर पंपापासून नोझलपर्यंतचा पाइप स्टीलचा असतो. पंप आणि नोझल धातूचे. उंदीर तिथे दात लावून करणार काय?

म्हणजे तो कुरतडू शकतो त्या गोष्टी मोजक्याच आहेत. टाकीकडून येणारा मऊ पाइप, रिटर्न पाइप, नोझलच्या डोक्यावरचे बारीक रिटर्न पाइप, रबरी हँड प्रायमर आणि वायरिंग. काही गाड्यांत टर्बोकडे जाणारा व्हॅक्यूमचा पाइपही.

साधा तर्क लावा. आठ दिवसांपूर्वी गाडी नीट चालत होती, मध्ये फक्त उभी राहिली आणि आत उंदराच्या खुणा दिसताहेत. मग पहिला संशय मऊ वस्तूंवर घ्यायचा की स्टीलच्या पंपावर? उत्तर सरळ आहे. तरीही अनेक ठिकाणी पहिला पाना पंपालाच लागतो.

पण उलट्या बाजूनेही फसू नका. लेंड्या दिसल्या म्हणजे दोष उंदराचाच असं नाही. उभ्या गाडीची बॅटरी उतरते. फिल्टरमध्ये पाणी साचतं. टाकीत डिझेल कमी असतं. उंदीर हा संशयित आहे, गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय.

जे भोक गळत नाही ते जास्त फसवतं

हा भाग नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त अंदाजबाजी इथेच होते.

रिटर्न पाइप कुरतडला तर डिझेल बाहेर ठिबकतं. इंजिनवर ओल दिसते, वास येतो, ग्राहक म्हणतो "ॲव्हरेज कमी झालंय." हे सापडतं. मात्र ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. गरम सायलेन्सरजवळ किंवा टर्बोजवळ डिझेल ठिबकत असेल तर आगीचा धोका असतो.

टाकीकडून येणाऱ्या पाइपचं गणित वेगळं आहे. ज्या गाडीत इंजिनकडचा फीड पंप डिझेल ओढून घेतो, तिथे चालू इंजिनला या पाइपमध्ये दाब नसतो, ओढ असते. भोक पडलं तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली एक थेंब नाही, वरून सगळं कोरडं, आणि गाडी मात्र एअर घेते. सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो, कारण रात्रभरात पाइपमधलं डिझेल टाकीकडे उतरलेलं असतं. कधी फिल्टरमध्ये उरलेल्या डिझेलवर गाडी चालू होते आणि हवा पोचली की बंद पडते. कधी सपाटीला चालते आणि लोड घेऊन घाट चढताना दम तोडते. ही सगळी लक्षणं "पंप गेला" अशीच दिसतात!

काही गाड्यांमध्ये टाकीतच इलेक्ट्रिक पंप असतो. चावी ऑन केली की मागून काही सेकंद गुणगुण ऐकू येते. तिथे पुढच्या पाइपमध्ये दाब असतो, त्यामुळे भोक पडलं की डिझेल बाहेर उडतं. आपल्या हातात कुठल्या प्रकारची गाडी आहे, हे पाना उचलण्याआधी माहीत पाहिजे.

आणि एक इशारा. एअर घेतलेल्या गाडीला सेल्फवर सेल्फ मारत बसू नका. बहुतेक कॉमन रेल पंपांना वंगण म्हणून वेगळं ऑइल नसतं, आतून जाणारं डिझेलच वंगणाचं काम करतं. डिझेलऐवजी हवा गेली की पंप आतून घासतो आणि त्याचा चुरा पुढे नोझलपर्यंत जातो. मग खरोखरच पंप आणि नोझल बदलावे लागतात. म्हणजे पाइप उंदराने खाल्ला आणि पंप आपण खाल्ला!

तपासणीचा क्रम: स्वस्त ते महाग

माझा नियम एकच. ज्या तपासणीला काही खोलावं लागत नाही ती आधी. ज्यात महाग वस्तू खोलावी लागते ती सगळ्यात शेवटी.

१. *चावी लावण्याआधी टॉर्च लावा.* खरवडलेल्या वायरी एकमेकींना चिकटलेल्या असतील तर चावी फिरवताच शॉर्ट होऊ शकतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा, घरट्याचे आणि दातांच्या खुणांचे फोटो काढा, मगच साफ करा. हातमोजे घाला. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. २००५ च्या जुलैमधल्या पुरानंतर मुंबईने तो अनुभवलाय. कोरडी घाण हवेच्या पाइपने उडवू नका, जंतुनाशकाने ओली करून पुसून काढा.

२. *बॅटरी आणि सेल्फचा वेग.* इंजिन पुरेशा वेगाने फिरलं नाही तर डिझेलचा दाबच तयार होत नाही. उतरलेल्या बॅटरीमुळे पंप खोलला गेलाय अशी उदाहरणं कमी नाहीत.

३. *टाकी, फिल्टर, हवा.* टाकीत डिझेल आहे का बघा. फिल्टरच्या खालचा ड्रेन उघडून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या, पाणी असेल तर तळाशी बसतं. आणि एअर फिल्टर उघडाच. उंदराने तिथे घरटं केलं असेल तर काळा धूर आणि पिकअप नाही, अशी तक्रार येते. ती डिझेलची वाटते, असते हवेची.

४. *सेल्फ मारताना धूर.* सायलेन्सरमधून पांढरट धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, जळत नाहीये. अजिबात धूर नसेल तर डिझेल पोचतच नाहीये. जुन्या गाडीत आणि जनरेटरमध्ये हे स्पष्ट दिसतं. डीपीएफ असलेल्या गाडीत धुरावर फार विसंबू नका.

५. *हँड प्रायमर.* दाबून दाबून तो कडक होत नसेल तर कुठूनतरी हवा येतेय.

६. *पारदर्शक पाइप.* माझ्या मते या कामातलं सगळ्यात कमी किमतीचं आणि सगळ्यात जास्त बोलणारं हत्यार! फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये डिझेलला चालणारा पारदर्शक पाइप तात्पुरता जोडा. बुडबुडे वाहताना दिसले तर एअर आहे. आता तोच पाइप फिल्टरच्या आधी जोडा. तिथेही बुडबुडे असतील तर भोक टाकीच्या बाजूला आहे, नसतील तर फिल्टर किंवा त्याच्या जोडणीत. दहा मिनिटांत अर्धी गाडी संशयातून सुटते.

७. *वेगळा कॅन.* स्वच्छ डिझेलचा कॅन फिल्टरच्या आधी जोडायचा आणि रिटर्नही त्याच कॅनमध्ये सोडायचा. फिल्टर मात्र वगळायचा नाही. गाडी नीट चालली तर टाकीपासून फिल्टरपर्यंतचा पाइप किंवा रिटर्न दोषी. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर ही युक्ती नको, तिथे गेज लावून दाब मोजा.

८. *स्कॅनर आणि मल्टिमीटर.* यावर पुढे वेगळं लिहितो.

९. *सगळ्यात शेवटी बॅकलीक टेस्ट, नोझल आणि पंप.* आधीच्या आठही पायऱ्या स्वच्छ निघाल्या तरच.

एक धोक्याची सूचना. जुन्या मेकॅनिकल पंपावर नोझलचा नट ढिला करून एअर काढायची सवय आपल्या मिस्त्रींना आहे. कॉमन रेलमध्ये हे करायचं नाही, म्हणजे नाहीच. चालू इंजिनमध्ये तिथे हजार बारच्याही वर दाब जातो. त्या दाबाची बारीक चिळकांडी कातडीतून आत घुसते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण तातडीने ऑपरेशन लागतं, बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. गळती हाताने चाचपायची नाही, हे हेल्परला पहिल्याच दिवशी सांगा.

स्कॅनरचा कोड म्हणजे निकाल नाही

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. आजच्या डिझेल पिकअपमध्ये पंप-नोझलइतकीच वायरिंगही महत्त्वाची आहे. मंडपवाल्यांकडचे अनेक जुने जनरेटर अजून मेकॅनिकल पंपावर चालतात, तिथे हा भाग लागू नाही. पण नव्या गाड्यांच्या जोरावर धंदा करायचा असेल तर स्कॅनर लागणार, आणि तो वाचताही आला पाहिजे.

समजा स्कॅनरने पी ००८७ दाखवला. अर्थ एवढाच की रेलमधला दाब हवा त्यापेक्षा कमी आहे. का कमी आहे हे तो सांगत नाही. एअर घेतेय, फिल्टर चोक आहे, नोझल रिटर्नला जास्त डिझेल सोडतेय, पंप झिजलाय, कारण काहीही असू शकतं. हा कोड बघून पंप सांगणं म्हणजे ताप बघून थेट ऑपरेशन सांगणं.

पी ०१९२ किंवा पी ०१९३ आला तर तो रेल प्रेशर सेन्सरच्या सर्किटचा आहे. पी ०२०१ ते पी ०२०४ म्हणजे एक ते चार नंबर नोझलचं सर्किट. पी ०३३५ क्रँक सेन्सरचं. "सर्किट" हा शब्द दिसला की उंदराच्या गाडीत आधी वायर बघायची, मग वस्तू. सेन्सर विकत आणण्याआधी मल्टिमीटरने तीन गोष्टी मोजा. पाच व्होल्टचा सप्लाय येतोय का, अर्थ नीट आहे का, सिग्नलची वायर अखंड आहे का.

आणखी एक खूण. तीन-चार सेन्सरचे कोड एकदम आले तर चार सेन्सर एकाच रात्री खराब झाले असतील का? शक्यता फार कमी. बऱ्याच गाड्यांत अनेक सेन्सरना पाच व्होल्टचा एकच सप्लाय वाटलेला असतो. त्यातली एक वायर सोलली जाऊन बॉडीला टेकली की सगळे एकदम ओरडतात. लूमची टेप सोडा, टॉर्च धरा, एक-एक वायर हलवून बघा. नोझलच्या वायरींवर टेस्ट लॅम्प मात्र लावू नका. तिथे बॅटरीपेक्षा बराच जास्त व्होल्टेज जातो आणि ईसीएम खराब होऊ शकतो.

सगळ्यात महत्त्वाचं, एक दोष सापडला म्हणून थांबू नका. उंदीर एकाच जागी चावत नाही. पाइप सापडला तरी वायरिंग पूर्ण बघा. नाहीतर गाडी दोन दिवसांनी परत येते आणि ग्राहक म्हणतो, "मिस्त्रीने अर्धवट काम केलं." त्याचं चुकतंय कुठे?

जुगाडाला इथे जागा नाही

पाण्याच्या नळीचा तुकडा, सायकलची ट्यूब, एम-सील, चिकटपट्टी यांनी जोडलेला डिझेल पाइप टिकत नाही. डिझेलने साधं रबर फुगतं, मऊ पडतं आणि पुन्हा हवा ओढतं. डिझेलसाठीचाच होज, बरोबर मापाचा आणि नीट आवळलेली क्लिप वापरा. वायर नुसती पिळून टेप मारू नका. सोल्डर किंवा चांगला क्रिंप करा, वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. क्रँक सेन्सरच्या दोन वायरी एकमेकींत पिळलेल्या असतील तर दुरुस्तीनंतरही त्या तशाच पिळलेल्या ठेवा, ती पीळ बाहेरच्या गोंधळापासून सिग्नल वाचवते.

गाडी त्याच संध्याकाळी देण्याची घाई करू नका. लोड देऊन चढावर चालवा, रात्रभर उभी ठेवा, सकाळी पहिला सेल्फ स्वतः मारा. एअर घेणाऱ्या गाडीची परीक्षा सकाळीच होते.

आता धंद्याचं बोलू

वर सांगितलेल्या पहिल्या आठ पायऱ्यांना मिळून तास-दीड तास लागतो. यात विकलं काय? काहीच नाही. सापडलं काय? समजा दोनशे रुपयांचा पाइप आणि दोन क्लिपा.

छोटा हिशोब मांडू. समजा गॅरेजचं भाडं, हेल्परचा पगार, वीज, हप्ता आणि तुमचं घरखर्चाचं धरून महिन्याला ४५,००० रुपये लागतात. कामाचे दिवस २५. म्हणजे दिवसाला १,८०० रुपये. दिवसात प्रत्यक्ष हाताला काम असे सहा तास धरले, तर तासाला ३०० रुपये तुमचा खर्चच आहे. दीड तासाच्या तपासणीची किंमत ४५० रुपये, नफा अजून धरलेलाच नाही.

ही तपासणी फुकट केली तर हे ४५० रुपये कुठून येणार? पाइप विकून येत नाहीत. पंप-नोझलच्या कामातून येतात. म्हणजे "चेकिंग फ्री" म्हणणारा माणूस कितीही प्रामाणिक असो, त्याच्या धंद्याची रचनाच त्याला महाग दोष शोधायला लावते. स्वस्त दोष शोधून काढला की त्याचं नुकसान आणि महाग वस्तू बदलली की फायदा. अशा रचनेत माणूस किती दिवस सरळ राहील? दोष माणसाचा कमी, रचनेचा जास्त आहे. म्हणून मी म्हणतो, रचना बदला.

"सर, बोलायला ठीक आहे, पण आमच्या तालुक्यात कोण देणार बघायचे पैसे?" हा प्रश्न येणारच, आणि तो खरा आहे. आपल्याकडे वस्तूचे पैसे द्यायची सवय आहे, डोक्याचे द्यायची नाही. त्यामुळे बोलणं असं हवं:

"मिस्त्री, नुसतं बघायचे पाचशे?"

"दादा, बघायचे नाहीत, शोधायचे. दीड तास लागेल. काय सापडलं त्याचा फोटो आणि व्हिडिओ तुमच्या मोबाइलवर देतो. काम किती रुपयांचं ते आधी सांगतो. काम दुसरीकडे केलंत तरी माझी हरकत नाही."

शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. ते ऐकल्यावर ग्राहकाला कळतं की या माणसाला मला पंप विकायचा नाहीये. पारदर्शक पाइपमधले बुडबुडे त्याला प्रत्यक्ष दाखवा. डिझेलचं ज्ञान नसलेल्यालाही बुडबुडा समजतो! कुरतडलेला पाइप त्याच्या हातात द्या. बिलावर "तपासणी ५००, पाइप व क्लिपा २००, मजुरी ३००" असं वेगळं लिहा. हजारात गाडी चालू झाली आणि दुसरीकडे पंपाचं काम सांगितलं होतं, हे तो माणूस गावभर सांगतो. असली जाहिरात पैसे देऊन मिळत नाही.

सगळे ग्राहक मानतील का? नाही. सुरुवातीचे काही महिने काहीजण पाठ फिरवतील. हंगामाच्या ऐन मध्यात, हातात पैसा नसलेला शेतकरी ट्रॅक्टर घेऊन येईल, तेव्हा फी उशिरा घ्या, हप्त्याने घ्या. पण बिलावर लिहा. शून्य लिहायची सवय एकदा लागली की ती मोडणं अवघड जातं.

शिवाय हा धंदा सुरू करायला फार भांडवल लागत नाही. टॉर्च, मल्टिमीटर, पारदर्शक पाइप, कॅन, मोजायच्या बाटल्या, दोन-चार मापांचे होज आणि क्लिपा यांचा सुरुवातीचा खर्च साधारणपणे कॉमन रेलच्या एका नव्या नोझलपेक्षा कमी येतो. स्कॅनर पुढच्या टप्प्यात घ्या, तोपर्यंत चांगल्या वायरमनशी जोडी जमवा.

गाडीमालकांनो, हे चार प्रश्न विचारा

गाडी उभी म्हणजे भाडं बंद, हप्ता मात्र चालू. समजा खर्च जाऊन दिवसाला १,५०० रुपये सुटतात, तर लॅबमधून पंप यायला चार दिवस गेले की ६,००० रुपये तसेच बुडाले. बिल वेगळंच. म्हणून "पंप गेलाय" असं ऐकलं की शांतपणे विचारा:

- सप्लायच्या पाइपमध्ये एअर आहे का, ते कसं तपासलं?
- रेलमधला दाब सेल्फ मारताना किती दिसला?
- वायरिंग मोजली का?
- बॅकलीक टेस्टच्या बाटल्या मला दाखवता का?

चांगला मिस्त्री या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खूश होतो.

विम्याचंही बघा. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर उंदराचं नुकसान तिच्यात बसतं का ते पॉलिसीत वाचा, आणि दुरुस्ती सुरू होण्याआधी कंपनीला कळवा, फोटो जपा. मूळ अपघातानंतर ओढवलेलं पुढचं नुकसान पॉलिसीत सहसा वगळलेलं असतं. फाटक्या पाइपवर गाडी तशीच दामटली आणि पंप गेला, तर तो पंप तुमच्याच खिशातून.

उंदरामागचा धंदा

जाता जाता एक कल्पना. लग्नसराई थांबली की मंडपवाल्याचा जनरेटर चातुर्मासभर शेडमध्ये पडून राहतो. मळणीयंत्र, हार्वेस्टर, ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर यांचेही रिकामे महिने ठरलेले आहेत. हे सगळे मालक हंगामाच्या पहिल्या दिवशी सेल्फ मारतात आणि त्याच दिवशी दोष सापडतो. तुळशीच्या लग्नानंतर पहिल्याच मुहूर्ताला जनरेटर बंद पडला तर त्या मंडपवाल्याची काय अवस्था होत असेल, विचार करा.

त्याच्याकडे तुम्ही दिवाळीआधीच का जात नाही? एक ठरावीक फी, जागेवर येऊन तपासणी. पाइप आणि वायरिंग बघायचं, फिल्टरचं पाणी काढायचं, बॅटरी मोजायची, इंजिन लोडवर चालवून दाखवायचं, शेडमध्ये सापळे लावायचे, तारेची बारीक जाळी बसवायची, आजूबाजूची धान्याची पोती हलवायला सांगायची. उंदराचं विष शक्यतो टाळा. उंदीर आत कुठेतरी मरून पडतो आणि वासाने हैराण करतो. मालकाला सांगा, आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघा, मगच इंजिन चालू करा. अशा वीस मालकांची यादी तयार झाली की तुमचे रिकामे दिवसही भरतात. आणि इथे तर तपासणीच विकायची आहे, पार्टचा प्रश्नच नाही.

या आठवड्याचा गृहपाठ देतो. गॅरेज असेल तर वर दाखवल्यासारखा तुमचा एका तासाचा खर्च काढा आणि तपासणीची फी ठरवून पाटीवर लिहा. गॅरेज अजून टाकायचं असेल तर तुमच्या दहा किलोमीटरच्या परिसरात हंगामाची वाट बघत उभी असलेली डिझेल इंजिनं मोजा, मालकांची नावं वहीत उतरवा. आकडा किती आला आणि फी किती ठरवली, ते मला नक्की कळवा. फी शून्य ठरवली असेल तर का, तेही लिहा. त्यावर आपण बोलू.